बाळसं आणि रेघ

(दृश्य : गोवंडीतली अंगणवाडी. दाराच्या चौकटीला टांगलेला वजनकाटा.)

आधी रिकामी झोळी अडकवायची, मग काटा शून्यावर आणायचा. हे राहिलं, तर झोळीचं वजनही बाळाच्या नावावर चढतं. टोपी, वाळे, लंगोट, सगळं उतरवायचं. काटा थरथरायचा थांबला की डोळ्यांच्या रेषेत वाचायचं. एवढा काटेकोरपणा कशाला? पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. ओल्या लंगोटाचे 100 ग्रॅम धरले, तर चार दिवसांची वाढ फुकटात मिळते!

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं. 3 किलोचं बाळ 2 किलो 800 ग्रॅमवर येतं आणि घरात ‘दूध पुरत नाही’ सुरू होतं. दोन आठवड्यांत ते बहुधा भरून निघतं. घाईने वरचं दूध दिलं, की बाळ अंगावर कमी ओढतं आणि ओढणं कमी झालं, की दूधही कमी येतं.

(दृश्य : माता-बाल संरक्षण कार्ड. वाढीचा आलेख.)

हे आकडे परदेशी बाळांचे, असं ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये दिलेली ही मानकं सहा देशांतल्या मुलांवरून काढली. त्यात दिल्लीची मुलंही होती.

वर्षाची मुलगी 7 किलोची असो की साडेअकरा, दोन्ही मर्यादेत बसतात. म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना नको, तिच्याच मागच्या ठिपक्याशी करा. नवव्या महिन्यात 7.3 किलो आणि बाराव्यात 7.4, तर आकडा मर्यादेत असूनही रेघ आडवी झाली.

सहा महिन्यांनंतर ती आडवी होते, ती बरेचदा वाटीतल्या पाण्यामुळे. वरणावरचं पाणी, पातळ पेज यांनी इवलंसं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतका घट्ट वरणभात कुस्करायचा, वर तूप. पावसाळ्यात जुलाब झाले, तरी दूध आणि खाणं थांबवायचं नाही. बरं वाटल्यावर दोन आठवडे एक वेळ जास्त भरवायचं.

दंडाचा घेर सहा महिन्यांनंतर 115 मिलिमीटरच्या खाली आला, तर पुढच्या महिन्याच्या वजनाची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळ गुटगुटीत दिसत असलं, तरी दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघा. खड्डा तसाच राहिला, तर ते बाळसं नाही, सूज आहे. आणि काट्यावर तिचंही वजन भरतं.