पहिली घरं, पहिली भोकं

नमस्कार मंडळी. टपरीवर कागदी कप एकात एक खोचून ठेवलेले असतात ना, चळत थोडी वाकडी झालेली, ती जरा डोळ्यासमोर आणा. आता ती करंगळीपेक्षाही बारीक करा, चुन्याची करा आणि समुद्राच्या तळाशी ठेवा. झाली आपली क्लाउडिना! अंगाभोवती कडक कवच बांधणारे जे अगदी सुरुवातीचे प्राणी माहीत आहेत त्यातलीच ही, साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वीची.

त्याआधीचे प्राणी बहुतेक सगळे मऊ, तळावर सूक्ष्मजीवांचा चिकट थर पसरलेला असायचा त्याला धरून राहायचे. रीफ, म्हणजे जिवांनी समुद्रतळावर रचलेले खडकासारखे उंचवटे, तेव्हाही होते, पण ते बांधले होते सूक्ष्मजीवांनी, प्रवाळ तर तेव्हा जन्मालाच यायचे होते. मग २०१४ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या टीमने सांगितलं की नामिबियात, आज जिथे नुसता रखरखाट आहे तिथल्या खडकात, ५४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी क्लाउडिना एकमेकींना नैसर्गिक सिमेंटने चिकटून रीफ बांधत होत्या. एकत्र राहिलं की आधार मिळतो, वाहत्या पाण्यातलं खाणं मिळतं आणि कोणी खायला आलं तर जरा बचावही होतो, असं त्यांचं म्हणणं.

२०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हे खोडून काढलं, म्हणाले की या नळ्या, म्हणजे क्लाउडिनाची कवचं, तिथे वाढल्याच नाहीत, पाण्याने वाहून आणून टाकल्यात. वाद आहे तो आहे, पण मला विचाराल तर खरी गोष्ट त्या नळ्यांवरच्या भोकांत आहे!

चीनच्या शान्शी प्रांतात सापडलेल्या क्लाउडिनांच्या नळ्यांना बारीक गोल भोकं आहेत, बाहेरून कोणीतरी पोखरलेली, आणि १९९२ मध्ये हे जगासमोर आलं. म्हणजे बघा, घर बांधून होतंय न होतंय तोच दाराशी चोर हजर. पुढे आणखी एक दिसलं, तिथेच शेजारी सायनोट्यूब्युलाइट्स नावाची दुसरी नळी आहे आणि तिला मात्र एकही भोक नाही. खाणारा निवडून खात होता! मला हे वाचून अंगावर काटाच आला, कारण निवड करायची तर आधी शेजारच्या दोन जिवांतला फरक कळायला लागतो.

नंतर कॅम्ब्रियन काळात, साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वी, सायबेरियात आर्किओसायथ आले. हे समुद्रतळाला चिकटून राहणारे स्पंज प्राणीच, पण कपासारखे, दुहेरी भिंतीचे. यांनी सूक्ष्मजीवांच्या साथीने जे रीफ बांधले त्यात कोनाडे होते, कपारी होत्या, छोट्या गुहा होत्या, आणि उजेड न पोचणाऱ्या त्या गुहांच्या छताला दुसरेच जीव उलटे चिकटून वाढत होते.