तुला भेट काय पाठवू?

[दृश्य: नदीचं कोरडं पात्र. तळहातावर एक गोटा.]

हा गोटा बघा. बोट फिरवलं तरी कुठे टोचत नाही. कधीकाळी हा मोठ्या खडकाचा टोकदार तुकडा होता. पावसानं ओढ्यात लोटलं, ओढ्यानं नदीत आणलं, आणि घरंगळता घरंगळता कोपरे झिजले.

१९२८च्या उन्हाळ्यात इंदिरा दहा वर्षांची होती आणि मसुरीला होती. वडील, जवाहरलाल नेहरू, अलाहाबादला. त्यांनी पत्रांतून लेकीला जगाची गोष्ट सांगायला घेतली आणि अगदी सुरुवातीच्या पत्रातच हा गोटा तिच्या हातात दिला. राजे आणि लढाया मागाहून, आधी दगड वाचायला शिक. एवढासा गोटा इतकं सांगतो, तर डोंगर किती सांगतील!

ती तीस पत्रं १९२९ साली पुस्तकरूपानं आली. हिंदीत ती प्रेमचंदांनी आणली.

[दृश्य: तुरुंगाची उंच भिंत, वर आभाळाचा तुकडा.]

२६ ऑक्टोबर १९३०. तिथीप्रमाणे इंदिरेचा तेरावा वाढदिवस, आणि वडील नैनीच्या तुरुंगात. तुरुंगातून भेट ती काय पाठवणार? मनातलं काही पाठवता येईल, असं ते लिहितात; तुरुंगाच्या उंच भिंतींनाही अडवता येणार नाही असं काही.

ती भेट १९६ पत्रांची झाली. नैनी, बरेली, डेहराडून; तुरुंग बदलत गेले. हाताशी ग्रंथालय नव्हतं. पुस्तकं येत आणि परत जात, उरत ती टिपणवह्यांत उतरवलेली टिपणं. लिहिलेलं लगेच धाडता येत नसे, म्हणून पत्रं साचत राहिली. आणि ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं ती त्यातला बराच काळ आपल्या पुण्यात होती, शाळेत शिकत.

[दृश्य: नाशिक. कंदिलाच्या उजेडात कागद.]

त्याच काळात दुसऱ्या एका तुरुंगात दुसरी एक लेखणी चालू होती. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी लिहायला बसले आणि सोमवारी पहाटे उठले तेव्हा ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग कागदावर होता. पाच दिवस! कोकणातल्या पालगडच्या एका गरीब घरातली बाई, नावावर ना गड ना लढाई. तिचं आयुष्य मुलांना सांगण्याजोगं आहे, हे गुरुजींनी ठरवलं. माझ्या मते मराठीतल्या बालचरित्रांमधला हा सगळ्यात मोठा निर्णय होता.

हात मात्र आधीच तयार झाला होता, अमळनेरला. शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दिवसभर शिकवायचं आणि उद्याच्या अंकासाठी पुन्हा लिहायला बसायचं. वाचणारी मुलं शेजारच्याच खोल्यांत. कोणाला कंटाळा आला, कोणाचे डोळे भरले, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी दिसत असणार. नामदार गोखल्यांचं, ईश्वरचंद्र विद्यासागरांचं चरित्र लिहिणारे गुरुजी हेच.

मुलांसाठीची इतिहासाची पुस्तकं चाळताना मी आता एवढंच शोधतो: लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणी मूल होतं का? नसलं की ओळखू येतं. सनावळ्या जागच्या जागी असतात, पण वाक्यं कोणाशीच बोलत नाहीत. नेहरूंसमोर इंदिरा होती, गुरुजींसमोर अख्खं वसतिगृह.

[दृश्य: शेवटचं पान.]

९ ऑगस्ट १९३३, डेहराडून. शेवटचं पत्र. जवळजवळ तीन वर्षं लेकीला जग समजावून सांगितल्यावर बाप तिला बजावतो: मी लिहिलंय म्हणून कुठल्याच विषयात ते अखेरचं मानू नकोस. राजकारणी माणसाला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं, आणि आहे त्यापेक्षा जास्त कळतं असं तो नेहमी दाखवतो. त्याच्यावर नीट नजर ठेवायला हवी.

[दृश्य: पुन्हा गोटा. मुलीचा हात तो उचलून उजेडात धरतो.]