स्वप्नात जाग आली, पण डोकं कुठे होतं?

एकदा मला भर स्वप्नात कळलं, अरे, हे स्वप्न आहे! शंका नाही, पक्कं कळलं. मग मी काय केलं असेल? उडालो? भिंतीतून आरपार गेलो? नाही. मी कागद शोधला, स्वप्नात काय काय घडलं ते भराभर लिहून काढलं, चिठ्ठीची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. सकाळी उठल्यावर वाचता यावी म्हणून!

हसा, हसा. मीही उठल्यावर खिसा चाचपला होता.

आजचा विषय हाच आहे. ल्युसिड ड्रीम, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘आपण स्वप्नात आहोत’ हे कळणं. ते कसं आणायचं यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण ते आलं, तरी आत डोकं धड चालत नाही, त्याचं काय करायचं? मला विचाराल तर खरी अडचण तिथेच आहे.

माझ्या चिठ्ठीकडे पुन्हा बघा. ‘हे स्वप्न आहे’ एवढं वाक्य माझ्या हाती लागलं होतं. पण मग कागद स्वप्नातला, खिसा स्वप्नातला, शर्टही स्वप्नातलाच, हा पुढचा हिशोब झालाच नाही. म्हणजे कळणं ही काही दिव्याच्या बटणासारखी गोष्ट नाही, की दाबलं आणि लख्ख उजेड. खोलीचा एक कोपरा उजळतो, बाकी अंधारच असतो.

असं का होतं? ठळक स्वप्नं बहुतेक रेम झोपेत पडतात. बंद पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात, ती ही झोप. 1953 साली शिकागोमध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तिची पहिली नोंद प्रसिद्ध केली. या झोपेत दृश्यं आणि भावना जोरात असतात, पण कपाळामागचा मेंदूचा जो भाग तर्क लावतो, चालू गोष्ट ध्यानात धरून ठेवतो, तो मंदावलेला असतो. त्यात जागेपणी आपल्याला सावध ठेवणारं नॉरएड्रेनालिन हे रसायन मेंदूत जवळजवळ थांबलेलं असतं. ल्युसिड स्वप्नात यातलं थोडंफार परत येतं. 2012 साली म्युनिकच्या संशोधकांनी एका माणसाचं ल्युसिड स्वप्न चालू असताना मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा हे मंदावलेले भाग पुन्हा कामाला लागलेले दिसले. एकाच माणसाचा पुरावा आहे, त्यामुळे मी त्यावर फार इमले बांधणार नाही.

पण आत डोकं चालू शकतं, याचा भक्कम पुरावा आहे. रेम झोपेत अंग लुळं पडलेलं असतं, फक्त डोळे मोकळे. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. ॲलन वर्स्ली नावाच्या स्वयंसेवकाने ल्युसिड स्वप्नात, झोपेतच, आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि यंत्रावर ती खूण उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही तेच दाखवलं. आता विचार करा, या माणसाला झोपेत काय आठवावं लागलं असेल? आपण प्रयोगशाळेत आहोत, बाहेर कुणीतरी वाट बघतंय आणि आपण एक खूण द्यायची कबूल केली आहे.

2021 साली तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी स्वप्नातल्या माणसांना थेट प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती? एकाने झोपेतच डोळे फिरवून सांगितलं, दोन. ऐकायला भारी वाटतं ना? पण एकूण 158 वेळा विचारलं, त्यात बरोबर उत्तरं साधारण 18 टक्के. बऱ्याचदा तर काही उत्तरच नाही. तेव्हा तुमचं डोकं स्वप्नात अडखळत असेल, तर मनाला लावून घेऊ नका.

आता उपाय. बरेच जण सांगतात, स्वप्नात जोरात ओरडा, ‘सगळं स्पष्ट दिसू दे!’ काहींना उपयोग होतो. हात एकमेकांवर चोळणं, स्वतःभोवती गिरकी घेणं, हेही करून बघण्यासारखं आहे. लक्ष स्पर्शात गुंततं आणि स्वप्न टिकतं. पण यात एक गल्लत होते. याने चित्र स्वच्छ होतं, विचार नाही. पानापानावरची शीर मोजता येईल एवढं मला दिसत होतं, आणि तरीही मी चिठ्ठी खिशात घालत होतो!

विचार स्वच्छ करायचे तर आठवण ओढून आणावी लागते. मी स्वप्नात सगळ्यात आधी स्वतःला विचारतो: माझं अंग आत्ता कुठे पडलंय? कोणत्या कुशीवर? झोपण्याआधी शेवटचं काय केलं? आणि आज इथे येऊन काय करायचं ठरवलं होतं? उत्तर लगेच येत नाही. जिभेवर आलेलं नाव आठवत नाही ना, अगदी तसं होतं. तिथे थांबायचं, घाई नाही. एक खरी गोष्ट हाताला लागली, उशी म्हणा, बाजूला ठेवलेला चष्मा म्हणा, की तिच्यामागून बाकीच्या येतात. आणि मग पहिल्यांदाच समोरचं सगळं किती अशक्य आहे ते जाणवतं.

याचा सराव दिवसा करायचा. हे स्वप्न तर नाही ना, हे तपासायला बरेच जण हाताची बोटं मोजतात, पण तसं नाही. नुसती सवयीने बोटं मोजणारा माणूस स्वप्नात सात बोटं बघतो आणि म्हणतो, ‘सात, बरोबर आहेत.’ त्यापेक्षा विचारा, मी इथे आलो कसा? दहा मिनिटं मागे जा. या खोलीत कोणत्या दारातून आलो? त्याआधी कुठे होतो? जागेपणी हा धागा सरळ मागे जातो. स्वप्नात दोन पावलांवर तुटतो. दिवसातून चार-पाच वेळा, पण मन लावून.

वेळ पहाटेची बरी. रात्र सरत जाते तशी रेम झोप लांबत जाते. पाचेक तास झोपून थोडा वेळ उठा, आणि पुन्हा आडवं होताना मनाशी घोका, ‘स्वप्न पडलं की अंग कुठे आहे ते आठवायचं.’ आत गेल्यावर आनंदाने उड्या मारू नका, तेवढ्यानेच जाग येते. हे रोज मात्र नको, झोपेचं खोबरं होईल. ज्यांना भास होण्याचा त्रास आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. आणि गोळ्या? गॅलँटामिनने अशी स्वप्नं वाढतात हे प्रयोगात दिसलंय, पण ते अल्झायमरवरचं औषध आहे. मनाने घ्यायचं नाही.

परवा पुन्हा तसंच झालं. स्वप्न, कागद, पेन. लिहून झालं, घडी घातली, हात खिशाकडे गेला आणि आठवलं, मी डाव्या कुशीवर झोपलोय, आणि अंगातल्या टी-शर्टला खिसाच नाही. इतकं हसू आलं की जागच आली.