अख्खे नऊ वार: एका वाक्प्रचाराच्या जन्मगावाचा शोध

इंग्रजीत ‘द होल नाइन यार्ड्स’ असा वाक्प्रचार आहे. अख्खं, सगळंच्या सगळं, काही म्हणजे काही न वगळता, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत तो रोजच्या बोलण्यात आहे, आणि आपल्याकडेही बऱ्याच ऑफिसांमधून ऐकू येतो. पण नऊ यार्ड, म्हणजे नऊ वार, कशाचे, असं विचारलं की दहा जण दहा उत्तरं देतात आणि प्रत्येकाला आपलं उत्तर पक्कं ठाऊक असतं. मराठी माणसाकडे तर अकरावं उत्तर तयारच असतं: नऊवारी लुगडं! त्या उत्तराकडे मी सावकाश येणार आहे. आधी बाकीच्यांचा हिशोब करू.

सगळ्यात लाडकी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. लढाऊ विमानाच्या मशीनगनमध्ये गोळ्यांचा पट्टा भरायचा, तो सत्तावीस फूट लांब, म्हणजे नऊ वार. वैमानिकाने शत्रूवर सगळा पट्टा रिकामा केला की म्हणायचं, दिले अख्खे नऊ वार. ऐकायला झकास आहे. शिवाय १९६० च्या दशकात हा वाक्प्रचार अमेरिकी हवाई दलातल्या माणसांच्या आणि व्हिएतनामच्या युद्धावर लिहिणाऱ्यांच्या तोंडी दिसतो, त्यामुळे तो विमानातूनच उतरला असावा असं वाटणं साहजिक आहे. अडचण एवढीच, की विमानागणिक आणि बंदुकीगणिक पट्ट्याची लांबी बदलत असे. आणि युद्धकाळातल्या पत्रांत, वृत्तपत्रांत, सैनिकांच्या बोलीच्या कोशांत हे शब्द या अर्थाने कुणालाही सापडलेले नाहीत.

दुसरी गोष्ट काँक्रीटची. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये भाषेवर सदर लिहिणारे विल्यम सफायर या बाजूचे होते. काँक्रीट घनवारात मोजतात, मिक्सरच्या ट्रकमध्ये नऊ घनवार माल बसतो, सगळा ओतला की ‘अख्खे नऊ वार’. पण वाक्प्रचार छापून येऊ लागला तेव्हा ट्रक एवढे मोठे नव्हते. १९६२ साली अमेरिकेत मिक्सरचं सरासरी माप साधारण सव्वासहा घनवार होतं, आणि त्याआधी काही वर्षं साडेचारचा मिक्सर हाच नेहमीचा मानला जाई.

अमेरिकन फुटबॉलची गोष्ट तर मिनिटभरही टिकत नाही. तिथे दहा यार्ड पुढे जावं लागतं, नऊ यार्ड म्हणजे थोडक्यात हुकलेला डाव. तीन डोलकाठ्यांच्या जहाजावरचे नऊ आडवे वासे (इंग्रजीत त्यांनाही ‘यार्ड’च म्हणतात), स्कॉटिश किल्टचं कापड, नवरीच्या पोशाखाचा पायघोळ, प्रेताचं कफन, अशी उत्तरं आणखी आहेत. सगळ्यांची रीत एकच: जगात कुठलेतरी नऊ ‘यार्ड’ असलेली वस्तू शोधायची आणि तिच्या गळ्यात वाक्प्रचार घालायचा. अशा वस्तू हव्या तेवढ्या मिळतात, म्हणूनच या रीतीने काहीच सिद्ध होत नाही.

पुरावा लागतो तो तारखेचा. कुठल्या गावच्या, कुठल्या दिवशीच्या अंकात हे शब्द छापलेले आहेत? या एका प्रश्नावर काही माणसांनी वर्षानुवर्षं चिकाटीने काम केलं, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बॉनी टेलर-ब्लेक यांचा पेशा मेंदूविज्ञानातल्या संशोधनाचा, शब्दांचा शोध हा त्यांचा छंद. फ्रेड शपिरो येलच्या विधी ग्रंथालयातले, ‘येल बुक ऑफ कोटेशन्स’चे संपादक. जुनी वृत्तपत्रं स्कॅन होऊन शोधता येऊ लागली तशी ही मंडळी एकेक पायरी मागे सरकत गेली.

आधी १९६४ पर्यंत, मग १९६२ पर्यंत. पुढे १९५६ आणि १९५७ चे दोन दाखले मिळाले, केंटकी राज्याच्या शिकार आणि मासेमारीच्या मासिकात. आणि २०१२ मध्ये एक वेगळीच चीज हाती लागली. केंटकीतल्या माउंट व्हर्नन गावच्या ‘सिग्नल’ या वृत्तपत्रात, १९१२ साली, रिपब्लिकन पक्षातल्या भांडणाबद्दल लिहिलेलं होतं. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट एकमेकांवर उलटले होते. लिहिणारा डेमोक्रॅट गंमत बघत म्हणतो, भांडण आणखी तापू द्या, मग ते अख्खे सहा वार सांगतील. नऊ नाही, सहा! १९२१ साली साउथ कॅरोलायनातल्या एका वृत्तपत्रानेही बेसबॉलच्या बातमीला ‘अख्खे सहा वार’ असा मथळा दिला होता.

मग मांडणी झाली की आधी सहा होते, काळाच्या ओघात महागाई होऊन नऊ झाले. मांडणी सुबक होती, पण वर्षभरातच ती डळमळली. इंडियाना राज्याच्या दक्षिणेला मिचेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ‘कमर्शियल’ या वृत्तपत्रात मे १९०७ मध्ये एका बेसबॉल सामन्याची बातमी आहे. गावचा नेहमीचा संघ व्यापाऱ्यांच्या संघाशी खेळणार आहे, व्यापाऱ्यांना झेपतील तेवढे डाव होतील, पण ‘पूर्ण नऊ वारां’ची खात्री आम्ही देऊ शकत नाही, असं बातमीत म्हटलंय. बेसबॉलचे नऊ डाव, नऊ खेळाडू, त्यावरचा हा श्लेष उघड आहे. पण श्लेष कधी करता येतो? वाचकांना मूळ बोल ठाऊक असतो तेव्हाच. म्हणजे १९०७ पूर्वीपासून मिचेलची माणसं ‘नऊ वार’ म्हणत होती. पुढच्याच वर्षी, जून १९०८ मध्ये, त्याच वृत्तपत्रात रॉस्को नावाचा गृहस्थ मासे पकडून येतो. त्याच्याकडे सांगण्यासारखी मोठी कहाणी आहे, पण आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, कुणीतरी गाफील सापडेल आणि त्याला तो अख्खे नऊ वार ऐकवेल!

या दाखल्यांत मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं ते सांगतो. रॉस्को चऱ्हाट लावतोय. रिपब्लिकन पुढारी एकमेकांची बिंगं सांगणार आहेत. १९६४ च्या दाखल्यातही, अंतराळ मोहिमेतल्या लोकांच्या बोलीत, ‘नऊ वार द्या’ म्हणजे कामाचा बारीकसारीक तपशिलासह अहवाल द्या, असा अर्थ दिला आहे. बहुतेक जुन्या ठिकाणी वाराने मोजलं जातंय ते बोलणं. बंदुकीच्या गोळ्या नाहीत, काँक्रीट नाही. म्हणून मला वाटतं, आकडा सुरुवातीपासून सैल होता, कुणी सहा म्हणे, कुणी नऊ. ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ म्हणताना कुठली बारा गावं हे आपण तरी कुठे विचारतो?

तरी वार हे माप आलं कापडावरूनच, असं मानायला जागा आहे. ३० जानेवारी १८५५ च्या ‘न्यू अल्बनी डेली लेजर’मध्ये ‘न्यायाधीशाचा मोठा शर्ट’ या अर्थाच्या मथळ्याखाली एक विनोदी गोष्ट आहे. न्यायाधीश चिडून म्हणतो, या वेड्या बाईला मी तीन शर्टांचं कापड घ्यायला सांगितलं होतं, हिने अख्खेच्या अख्खे नऊ वार एकाच शर्टात घातले! इंग्रजी शब्द तंतोतंत तेच, ‘द होल नाइन यार्ड्स’. न्यू अल्बनीही दक्षिण इंडियानातच, ओहायो नदीच्या काठी, आणि नदीपलीकडे केंटकी. आतापर्यंतचे सगळ्यात जुने दाखले याच टापूत गोळा झालेत. पण १८५५ चे नऊ वार खरोखरचं कापड आहे, १९०७ चे नाही, आणि मधल्या बावन्न वर्षांत दुवा नाही. अभ्यासक इथे दुभंगले आहेत. कुणी म्हणतं, हा विनोद तोंडोतोंडी पसरून वाक्प्रचार झाला. कुणी म्हणतं, नऊ वार कापड ही तेव्हाची नेहमीची खरेदी, म्हणून शब्द योगायोगाने जुळले. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण एवढा गाजलेला विनोद असता तर मधल्या काळात त्याची आठवण काढणारा एखादा तरी उल्लेख दिसला असता.

आता लुगडं. सहा आणि नऊ, दोन्ही आकडे आपल्या घरातले, सहावारी आणि नऊवारी. हे पाहिलं की कुणाही मराठी माणसाचं मन हलेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण कापड वारात मोजणाऱ्या कुठल्याही देशात तीनाच्या पटीतली मापं सोयीची असतात. शब्द जर इथून गेला असता, तर मुंबई-पुण्याच्या इंग्रजांच्या लिखाणात तो आधी दिसायला हवा, मग लंडनमध्ये, मग अमेरिकेत. प्रत्यक्षात जुने दाखले अमेरिकेतल्या लहान गावांतले आहेत आणि एकाही ठिकाणी साडीचा वारासुद्धा नाही. मुंबईच्या ‘बॉम्बे टाइम्स’चे १८३८ पासूनचे अंक आता संगणकावर शोधता येतात. त्यात १८५५ च्या आधीचा, या अर्थाचा एक जरी वापर कुणाला मिळाला, तर अंकाची तारीख आणि पान क्रमांक मला जरूर कळवा.