काका ते सम्राट ते काहीच नाही: दोरगोनची गोष्ट

1643चा सप्टेंबर. मुकडेन शहर, म्हणजे आज चीनच्या ईशान्येला जे शेनयांग आहे ते. मांचूंचा, म्हणजे त्या भागातल्या लोकांचा, सम्राट हाँग ताईजी अचानक गेला, आणि आपल्यामागे गादीवर कोण हे त्याने सांगूनच ठेवलं नव्हतं. दरबारात सगळे भाऊबंद जमले. एका बाजूला हाँग ताईजीचा थोरला मुलगा होगे, लढवय्या, वयाने मोठा, आणि दुसऱ्या बाजूला हाँग ताईजीचा सावत्र धाकटा भाऊ दोरगोन, वय तीसच्या आसपास. बाहेर सैनिक हत्यारं घेऊन उभे होते, कधीही काहीही होऊ शकलं असतं.

मांचूंचं सगळं सैन्य आठ तुकड्यांमध्ये वाटलेलं असायचं, त्यांना बॅनर म्हणायचे, प्रत्येक बॅनरचा झेंडा वेगळा, आणि नुसते सैनिकच नाही तर त्यांची घरंदारं, बायकापोरं, गुलाम, सगळं त्या बॅनरमध्येच मोजलं जायचं. दोन पांढरे बॅनर दोरगोन आणि त्याच्या सख्ख्या भावांकडे. दोन पिवळे बॅनर हाँग ताईजीचे खास, आणि ते हटूनच बसले, की गादीवर आमच्या धन्याचाच मुलगा हवा, भाऊ चालणार नाही.

इथे थोडं मागे जाऊ, कारण हे नाही कळलं तर दोरगोन कळणार नाही. 1626मध्ये त्याचे वडील नुरहाची वारले. नुरहाची म्हणजे विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणून हे सगळं राज्य उभं करणारा माणूस. तो गेला आणि लगेच दुसऱ्या दिवशी मोठ्या राजपुत्रांनी दोरगोनच्या आईला, आबाहाईला, सांगितलं की खानाची शेवटची इच्छा होती तुम्ही त्यांच्यासोबत जावं. तिला जीव द्यायला लावला. तिची तीन मुलं, आजिगे, दोरगोन आणि दोदो. दोरगोन चौदाव्या वर्षात होता, दोदो त्याच्याहून लहान. आणि गादी मिळाली हाँग ताईजीला. त्याच हाँग ताईजीच्या हाताखाली हा मुलगा पुढची सतरा वर्षं लढला, 1635मध्ये चाहार मंगोलांना शरण आणून त्यांच्याकडची जुनी राजमुद्रा घेऊन आला आणि ती भावापुढे ठेवली. मनात काय चाललं असेल याची नोंद कुठेही नाही. मला मात्र वाटतं की आई गेल्याचा तो दिवस तो कधीच विसरला नसणार.

तर 1643च्या त्या बैठकीत दोरगोनने स्वतःचा हक्क सोडला, पण होगेलाही गादी मिळू दिली नाही. मधला मार्ग निघाला तो असा, की हाँग ताईजीचाच मुलगा बसवू पण नववा, फूलिन. वय पाच वर्षं पूर्ण. त्याचं राजनाव शुनझी. आणि तो मोठा होईपर्यंत कारभार बघायला दोन रीजंट, दोरगोन आणि चुलतभाऊ जिरगलांग. पिवळे बॅनर खूश कारण धन्याचा मुलगा बसला, पांढरे खूश कारण लगाम आपल्या माणसाच्या हातात. यादवी टळली. माझ्या मते दोरगोनच्या अख्ख्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच, कारण तेव्हा मांचू आपसात लढले असते तर पुढच्या वर्षी जे झालं ते झालंच नसतं.

आणि पुढचं वर्ष म्हणजे 1644. एप्रिलमध्ये बंडखोर ली झिचेंग बीजिंगमध्ये घुसला आणि चीनवर राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या सम्राटाने, चोंगझेनने, राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. पावणेतीनशे वर्षांचं राज्य. इकडे चीनच्या भिंतीच्या समुद्राकडच्या टोकाला, शानहाई खिंडीत, मिंगांचा सेनापती वू सानग्वी अडकला होता, मागे बंडखोर आणि पुढे मांचू. त्याने दोरगोनला पत्र लिहून मदत मागितली. मदत हवी होती मिंगांसाठी, पण दोरगोनने ओळखलं की अशी वेळ परत येणार नाही. 27 मे 1644ला लढाई झाली. वूची माणसं आधी पुढे पाठवली, ती दमेपर्यंत दोरगोन थांबला, आणि धुळीचं मोठं वादळ उठलेलं असताना मांचू घोडेस्वार बाजूने येऊन पडले. लीची फौज फुटली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बीजिंगचे अधिकारी वेशीबाहेर थाटामाटात स्वागताला उभे होते, त्यांना वाटत होतं मिंगांचा युवराज येतोय. आला दोरगोन. लोक बघतच राहिले.

आता इथे मला त्याचं कौतुक करावंसं वाटतं. भाऊ आजिगे म्हणत होता की लूट घेऊ आणि परत मुकडेनला जाऊ, आजवर मांचू तेच करायचे. दोरगोन म्हणाला नाही, इथेच राहायचं. मेलेल्या मिंग सम्राटासाठी त्याने रीतसर शोक पाळायला लावला, आम्ही तुमच्या सम्राटाचा सूड घ्यायला आलोय असं जाहीर केलं, जुन्या अधिकाऱ्यांना जागेवर ठेवलं, मिंगांनी युद्धखर्चासाठी लादलेले जादा कर काढून टाकले. आदम शाल नावाचा जर्मन जेसुइट पाद्री होता, त्याचं ग्रहणाचं गणित बरोबर आलं म्हणून पंचांगाचं खातं त्याच्याकडे सोपवलं. ऑक्टोबरमध्ये छोट्या फूलिनला मुकडेनहून आणलं आणि बीजिंगमध्ये पुन्हा गादीवर बसवलं.

पण याच माणसाने 1645च्या जुलैमध्ये जो हुकूम काढला तो मी माफ करू शकत नाही. सगळ्या चिनी पुरुषांनी दहा दिवसांत पुढचं डोकं तासायचं आणि मागे मांचूंसारखी वेणी ठेवायची. ऐकायला केसांची गोष्ट वाटते, पण कन्फ्यूशियसच्या शिकवणीत शरीर, केस, कातडी हे आईवडिलांनी दिलेलं, त्याला इजा करायची नाही, त्यामुळे तिथल्या माणसासाठी हा आईबापांचाच अपमान होता. लोकांच्या तोंडी वाक्य फिरायला लागलं, केस ठेवाल तर डोकं जाईल, डोकं ठेवायचं तर केस द्या. जी गावं शांतपणे शरण आली होती तीच परत उठली. जियांगयिन हे छोटं शहर जवळजवळ ऐंशी दिवस लढलं आणि मग तिथे कत्तल झाली. जियादिंगमध्येही तेच. त्याच्या आधी मे महिन्यात यांगझोऊमध्ये भाऊ दोदोच्या फौजेने कित्येक दिवस माणसं मारली होती. राज्य हातात आलेलं होतं, लोक जुळवून घेत होते, आणि एका हुकुमाने हजारो जीव गेले. ती वेणी 1911च्या क्रांतीपर्यंत चिनी माणसाच्या पाठीवर राहिली.

दरम्यान त्याची पदवी बघा कशी बदलत गेली. आधी नुसता रीजंट, 1644मध्ये काका रीजंट, 1645मध्ये शाही काका रीजंट, आणि 1648 संपता संपता शाही पिता रीजंट. जिरगलांगला बाजूला केलं. होगेला 1648मध्ये तुरुंगात टाकलं, तो तिथेच मेला, आणि त्याच्या एका विधवेशी दोरगोनने लग्न केलं. राजमुद्रा स्वतःच्या वाड्यात नेऊन ठेवल्या, तब्येतीच्या कारणाने सम्राटापुढे गुडघे टेकणंही बंद. आणि फूलिन? वाढत होता, बघत होता, आणि त्याच्या शिक्षणाकडे नीट लक्ष कुणी दिलं नाही, पुढे स्वतः कारभार हातात घेतला तेव्हा चिनी भाषेतले अर्ज त्याला धड वाचता येत नव्हते. एखादं मूल असं वाढवलं की ते तुमच्यावर प्रेम करेल का?

दोरगोनची तब्येत खरंच खालावलेली होती. 1649मध्ये दोदो देवीच्या रोगाने गेला. 31 डिसेंबर 1650ला चीनच्या भिंतीपलीकडे शिकारीच्या दौऱ्यावर असताना दोरगोनही गेला. वय 38. मुलगा नाही, एक मुलगी, आणि दोदोचा मुलगा दत्तक घेतलेला. बारा वर्षांचा फूलिन शोकाचे कपडे घालून प्रेताला सामोरा गेला आणि जिवंतपणी जी पदवी त्याने घेतली नव्हती ती त्याला मेल्यावर दिली, सम्राट.

ती फार तर दोन महिने टिकली. आजिगेला पकडून जीव द्यायला लावलं, अगदी आईसारखं. जिरगलांग परत आला. दोरगोनच्याच माणसांपैकी एक, सुकसाहा, याने साक्ष दिली की शवपेटीत गुपचूप राजवस्त्रं ठेवलीत. 1651च्या मार्चपर्यंत सगळ्या पदव्या गेल्या, पूर्वजांच्या मंदिरातून नाव काढलं, दत्तक मुलाला परत पाठवलं. मार्टिनी या जेसुइटने तर लिहून ठेवलंय की प्रेत उकरून काढून त्याला काठ्या मारल्या आणि मुंडकं उडवलं.

राजवाड्याच्या पूर्वेला त्याचा वाडा होता, जिथे एकेकाळी अख्खा दरबार हुकूम घ्यायला यायचा. 1694मध्ये फूलिनच्या मुलाने, सम्राट कांगशीने, त्याचं महाकालाचं मंदिर केलं, हो, आपल्या ओळखीचाच महाकाल, तिबेटी बौद्ध धर्मातून तिथवर गेलेला. आणि 1778मध्ये फूलिनचा पणतू, सम्राट चिएनलाँग, याने जुने कागद परत काढले, आरोप खोटे होते असं जाहीर केलं आणि रुई राजपुत्र ही दोरगोनची जुनी पदवी दत्तक मुलाच्या वंशजांना कायमची परत दिली. 127 वर्षांनी.