अनाथोथचं शेत

नमस्कार श्रोतेहो. आज बायबलमधल्या एका खरेदीखताची गोष्ट सांगायची आहे.

इ.स.पूर्व ५८७ चा सुमार. बाबेलचं, म्हणजे बॅबिलोनचं, सैन्य यहूदाची राजधानी यरुशलेमला वेढा घालून बसलेलं. शहर पडणार, हे राजा सिद्कीयाला तोंडावर सांगितलं म्हणून यिर्मया संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा.

अनाथोथ हे यिर्मयाचं स्वतःचं गाव, यरुशलेमपासून पाचेक किलोमीटरवर. याच गावचे लोक एकदा त्याच्या जिवावर उठले होते! आणि वेढ्यापलीकडच्या त्या जमिनीत उद्या नांगर कोण धरणार? तरी देवाचा शब्द मानून यिर्मया ती घेतो. सतरा शेकेल चांदी, म्हणजे आजच्या मापानं दोनशे ग्रॅमच्या आत, ताजव्यात तोलून देतो. खत लिहितो, साक्षीदार घेतो, मोहोर लावतो. मोहोरबंद आणि उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असा देवाचा शब्द आहे.

व्यवहार उरकल्यावर मात्र तो प्रार्थनेत कळवळून विचारतो, प्रभू, शत्रूचे मोर्चे तटाला भिडलेत, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? ही प्रार्थना मला फार जवळची वाटते. आधी सही झाली, प्रश्न मागून आला.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो, तुम्ही संख्येनं मोठे म्हणून देवानं तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. त्यानं प्रेम केलं आणि पूर्वजांना दिलेली शपथ पाळली. इब्री भाषेत यासाठी हेसेद हा शब्द आहे. दया, ममता असं आपण म्हणतो, पण त्यात दिल्या शब्दाला जागणंही आहे.

शहर पडलंच. मंदिर जळलं, लोक बाबेलला नेले गेले. सुमारे पन्नास वर्षांनी पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश यानं त्यांना परतीची मोकळीक दिली. एज्राच्या पुस्तकात परतलेल्यांची यादी आहे, गावाचं नाव आणि पुढे आकडा. त्यात एक ओळ आहे: अनाथोथचे लोक, १२८.