कळशीतलं शिसं

नमस्कार श्रोतेहो. पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालतं? भारतीय मानकानुसार लिटरला फार तर १० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पाण्यात उतरलेल्या शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. मग ते सापडतं कसं? शिशाचा अणू शिशाचाच प्रकाश शोषतो, दुसऱ्या धातूचा नाही. म्हणून आमच्या यंत्रात शिशाचाच दिवा असतो. पाण्याचा थेंब ग्राफाइटच्या बोटभर नळीत टाकायचा, नळी दोन हजार अंशांच्या आसपास तापवायची, अणू मोकळे झाले की प्रकाश किती गिळला गेला ते मोजायचं. अणूंनी गिळलेला प्रकाश मोजून धातू ओळखायची मूळ पद्धत अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली ऑस्ट्रेलियात मांडली; ग्राफाइटची नळी नंतर आली.

ही गोष्ट मी तुर्भ्याला एका प्रयोगशाळेत होते तेव्हाची. ठाण्याच्या नौपाड्यातून एक आजी पाणी घेऊन आल्या, लोणच्याच्या बरणीतून. म्हणाल्या, "पोरी, नातू घरी रांगायला लागलाय, पाणी तपासून दे." पडद्यावर शिशाचं शिखर उभं राहिलं, मर्यादेच्या चौपट! मला पहिला संशय बरणीचा. आमच्या बाटल्या रात्रभर पातळ नायट्रिक आम्लात भिजवलेल्या असतात. तशाच दोन दिल्या आणि सांगितलं, "आजी, एकीत थेट नळाचं भरा, दुसरीत तुम्ही पिता ते."

नळाचं पाणी स्वच्छ. पिण्याचं पुन्हा चौपट. परत सांगते, नळाचं स्वच्छ, घरातलं चौपट.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर पितळी कळशी, आतून चांदीसारखी लख्ख. गणपतीआधी दारावर आलेल्या माणसाकडून कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, करून घेतलेली. तळाची चिमूटभर कल्हई खरवडून नेली, आम्लात विरघळवली. शिसं इतकं की यंत्राच्या मापात बसेना, द्रावण पुन्हा पुन्हा पातळ करावं लागलं. कथील महाग, शिसं स्वस्त. दोन्ही मिसळून लावलं तरी चमक तीच दिसते. रात्रभर पाणी राहिलं की शिसं त्यात उतरतं, आणि आमटी-ताकासारखं आंबट ठेवलं तर फारच.

इथे एक सांगते. आमच्या नवी मुंबईत सोसायटीच्या फाटकावरच फेरीवाल्यांना परत पाठवतात, ते मला मुळीच पटत नाही. माणूस ओळखीचा असला, वर्षानुवर्षं येणारा असला, तर त्याला "कथील दाखव" म्हणता येतं. तो नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्याने भांडंभर फिरणारी ती चंदेरी लाट! ही कला टिकलीच पाहिजे. दोष कल्हईचा नव्हे, भेसळीचा. पुन्हा सांगते, भेसळीचा.

आजींना मी कळशीतलं पाणी बंद करायला सांगितलं, आणि नातवाचं रक्त डॉक्टरांकडून तपासून घ्यायला. त्या घाबरल्या, मग म्हणाल्या, "कळशी माझ्या सासूबाईंची आहे गं, मोडीत नाही घालणार." मी म्हटलं, "नका घालू. जुनी कल्हई पूर्ण काढून घ्या, पण नवं कथील आधी मला आणून दाखवा."

आठवड्याने आल्या. रुमालाच्या गाठीत कथलाचा तुकडा. विरघळवला, मोजला, शिसं जवळजवळ नाहीच. तरी कल्हई झाल्यावर कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी त्यांनी आधी माझ्याकडे पाठवलं. या खेपेला बरणीतून नव्हे, आमच्याच धुतलेल्या बाटलीतून.